टेपमावशीला काय आठवत होतं

गल्लीत तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून ती टेपमावशी. कपडे दुरुस्तीचं तिचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधे राहून गेलेली फट. आत एक शिलाई मशीन, त्यावर लोंबणारा दिवा, माप द्यायला मागे लावलेला पडदा आणि भिंतीलगत गाठोड्यांची चळत. पँट आखूड करणं, चेन बदलणं, शाळेच्या गणवेशाची उसवलेली बाही जोडणं, असली बारीकसारीक कामं ती करायची. नव्या कपड्याला हात लावायची नाही. "नवा कपडा तंग झाला की लोक शिंप्याला शिव्या घालतात, जुना तंग झाला की स्वतःच्या पोटाला," ती म्हणायची, आणि तेही ओठांत टाचण्या धरून. टाचण्यांमधून गाळून आलेलं तिचं बोलणं सगळ्या गल्लीला कळायचं. कुणाची कंबर किती वाढली हे तिला ठाऊक असायचं, पण त्यातली इंचभर बातमीही कधी दुकानाबाहेर गेली नाही.

दुरुस्ती हा धंदा आणि काळजी हा जोडधंदा. कापड मोजून झालं की पुन्हा मोजायची. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेली की परत येऊन ते ओढून बघायची. लेक उशिरा आली तर अपघात झाला असणार, लवकर आली तर नोकरी गेली असणार. नवरा लेक लहान असतानाच गेला. तेव्हापासून ह्या एकुलत्या एका पोरीवर तिनं जीव पाखडला होता, आणि पोरगी वाढली ती मात्र अगदी उलट, धीट आणि आडदांड. गाडी शिकवायच्या शाळेत शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. "आईनं जन्मभर फुकट ब्रेक लावले, पोरीनं त्याचा पगार मिळवला," असं समोरचा इस्त्रीवाला म्हणायचा.

मग टेपमावशीला साधा खोकला झाला. साधा म्हणता म्हणता तो छातीत उतरला, आणि एका सकाळी दुकानात टेप गळ्यात असतानाच तिला श्वास पुरेना. लेकीनंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथून पुढचं टेपमावशीला आठवत नव्हतं, असं सगळे म्हणत होते. अतिदक्षता विभाग, घशात नळी, श्वासाचं यंत्र, गुंगीची औषधं. बरेच दिवस ती तिथे होती. वाचली. घरी आली ती निम्मी होऊन. लेक नवऱ्याला सांगून आईकडे राहायला आली, स्वयंपाक करू लागली, औषधं देऊ लागली. गल्ली म्हणाली, लेक असावी तर अशी.

आणि टेपमावशीला त्याच लेकीची भीती वाटत होती.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कारण टेपमावशीला आठवत होतं. एक तळघर. त्यात कुठेतरी शिलाई मशीन चाललेलं, थांबतच नाही, आणि ते तिला बंद करता येत नाही. तोंड झाकलेली माणसं येतात आणि तिच्या तोंडात काहीतरी कोंबतात. ओरडायला जावं तर आवाज नाही. आणि तिच्या डोक्याशी लेक उभी आहे, तिनं आईची दोन्ही मनगटं दाबून धरली आहेत आणि ती त्या माणसांना म्हणते आहे, "मी धरलंय, तुम्ही उरका."

बाकी सगळं धुक्यात होतं, पण ते वाक्य स्वच्छ. शब्द, आवाज, लेकीच्या बाहीचा निळा रंग. घरी आल्यावर तिनं एकदा चाचपून बघितलं होतं. "काय गं, तिथे काय काय झालं माझं?"

लेक भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "काही नाही गं. तू झोपलेलीच होतीस सगळे दिवस."

तिनं इतक्या पटकन सांगितलं की टेपमावशीनं बाह्या वर सारून हात बघितले. मनगटांवरचे पिवळे पडलेले डाग अजून पुरते गेलेही नव्हते. झोपलेल्या माणसाच्या मनगटांना काय होतं?

तेव्हापासून ती लेकीच्या हातचं खाईना. म्हणजे उघडपणे नाही म्हणायची नाही. "ठेव, खाते," म्हणायची, आणि लेक वळली की स्वतः पाव भाजून घ्यायची. खोलीची कडी आतून लावायची. पाठीचं बटण लागत नसलं तरी तसंच मिरवायची, पण लेकीला "लाव गं जरा" म्हणायची नाही. दिवसा, पुन्हा दुकानात जाऊन मशीनवर बसू लागल्यावर, तिला स्वतःचीच लाज वाटायची. जिला पोटाशी धरून वाढवलं ती आपल्याला मारेल? पण घरी परत जायची वेळ झाली की पाय जड व्हायचे.

दुपारी लेक दोन शिकवण्यांच्या मधे दुकानात डबा आणून द्यायची. गरम सूप आणि पाव. टाकून द्यायचं तर अन्न टाकवत नव्हतं. मग टेपमावशीनं ते इस्त्रीवाल्याला द्यायला सुरुवात केली. एकटा जीव, मिळेल ते खायचा.

"मावशी, तुमच्या लेकीच्या हाताला चव आहे हो," तो डब्याच्या तळाला चमचा खरवडत म्हणायचा. "तुम्ही का खात नाही?"

"डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, भाऊ."

"ह्यात मीठच नाही. तेवढंच मी वरून घालतो."

 टेपमावशी शिवता शिवता मधूनमधून मान वर करून समोर बघायची. तो इस्त्री फिरवतो आहे ना. उभा आहे ना.

आणि एका सकाळी समोरचं शटर बंद होतं.

पहिल्यांदा तिनं स्वतःला समजावलं. उठला नसेल. मग गिऱ्हाइकं येऊन परत जाऊ लागली. तिच्या पायाखाली मशीनची पट्टी होती, पण पाय हलेना. काल सूप जरा जास्तच होतं. तो सगळं प्यायला होता. हातातली पँट तशीच टाकून ती उठली, आणि आजारानंतर घराच्या पायऱ्याही धरून चढणारी बाई मागच्या गल्लीतले त्याच्या खोलीचे दोन जिने धापा टाकत चढली. दार ठोठावलं. उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं. शेजारीण डोकावली. टेपमावशीनं नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

"ते? ते नाहीत," शेजारीण म्हणाली. "दाढ काढायला गेलेत."

टेपमावशी तिथेच जिन्यावर बसली. इस्त्रीवाला परत आला तेव्हाही ती तिथेच होती. त्याचा एक गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा.

"काय जालं?" तो बोळ्यातून म्हणाला. "माझी वरात निघाली म्हणून आलात की काय?"

ती रडू लागली. लहान पोरासारखी, नाक फेंदारून. आणि मग, कुणालाही न सांगितलेलं सगळं तिनं त्याला तिथेच जिन्यावर सांगितलं. तळघर, मनगटं, ते वाक्य. आणि सूप.

इस्त्रीवाल्यानं बोळा काढून हातात घेतला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "म्हणजे इतके दिवस तुम्हाला वाटत होतं त्यात काहीतरी कालवलंय. आणि ते तुम्ही मला पाजत होतात?"

"खरं नव्हतं हो वाटत. दिवसा नव्हतं वाटत."

"मला दिवसाच पाजत होतात!"

"भाऊ, मला माफ करा."

"नोकर केलात की मला, मावशी. राजेलोकांच्या घरी असायचा तसला, आधी चाखून बघणारा." तो हसायला गेला आणि गाल धरून कळवळला. मग तिच्या शेजारी पायरीवर टेकला. "हे असलं डोक्यात घेऊन बसलात? त्या दवाखान्यातली बाई तुम्हाला फोन करते ना? तिला सांगितलंत?"

दवाखान्यातली बाई म्हणजे अभ्यासवाली सिस्टर. अतिदक्षता विभागात कसलासा अभ्यास चालू होता, त्यात टेपमावशीही होती. घरी जायच्या घाईत, पुढे फोन आले तर उत्तरं देईन, अशा कागदावर तिनं सहीसुद्धा केली होती. सिस्टर फोन करून विचारायची, झोप येते का, चालता येतं का, तिथलं काही आठवतं का. लेक शेजारी उभी असायची. टेपमावशी म्हणायची, "काही आठवत नाही."

"ती बोलावतेय मला," टेपमावशी म्हणाली. "येऊन विभाग बघून जा म्हणते."

"मग जा. आणि हे तिला सांगा. नाहीतर मी सांगतो. ह्या प्रकरणात माझाही जीव गुंतलाय आता."

लेकीला वाटलं, आई स्वतःहून निघाली म्हणजे बरी होतेय. तिनं शाळेची गाडी मागून घेतली. त्या गाडीत दोन्हीकडे ब्रेक. लेक चालवायला बसली आणि टेपमावशी शिकवणाऱ्याच्या जागी. सिग्नल सुटला, पण गाडी आचके देऊ लागली. मागचे हॉर्न वाजवू लागले.

"आई, पाय काढ गं."

"कुठला पाय?"

"ब्रेकवरचा. शिकाऊ पोरंसुद्धा एवढा दाबत नाहीत."

टेपमावशीनं पाय काढला. पुढच्या वळणावर तो आपोआप परत तिथे गेला. लेकीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि गिअर उतरवला. रस्ताभर गाडी तशीच, अडखळत गेली.

सिस्टर फोनवर वाटायची त्यापेक्षा वयानं लहान निघाली. तिनं आधी हात धुवायला लावले, मग दार ढकलून आत नेलं. "तुमचीच खाट आज रिकामी आहे," ती म्हणाली. "बसायचं असेल तर बसा. नको वाटलं की सांगा, लगेच बाहेर जाऊ."

टेपमावशी दारातच थबकली. तळघर नव्हतं. तिसरा मजला होता, बाजूला उंच खिडकी होती, तिच्यावर पट्ट्यांचा पडदा सोडलेला. पण आवाज तोच. शेजारच्या खाटेपाशी यंत्र हवा ढकलत होतं, ओढत होतं, आणि त्याच्या खाली एक बारीक घरघर एकसारखी चाललेली.

"ते मशीन," ती म्हणाली.

"औषधाचा पंप आहे तो. थेंब थेंब औषध ढकलतो." सिस्टरनं रिकाम्या खाटेजवळचा पंप लावून दाखवला. "तुम्हाला कसला वाटला?"

"शिलाईचा. कुणीतरी माझंच मशीन चालवतंय आणि थांबवत नाही, असा."

सिस्टरनं ते लिहून घेतलं, हसली नाही. खाटेच्या डोक्याशी लटकणारी एक पारदर्शक नळी तिनं उचलली. घशात नळी असली की तोंडात थुंकी साचते, ती ह्यानं ओढून काढायची. मास्क लावलेलं कुणीतरी येऊन हे तोंडात घालणार, दिवसातून कितीतरी वेळा. टेपमावशी त्या नळीकडे बघत राहिली. तोंड झाकलेली माणसं. कोंबणं. एकेक गोष्ट जागेवर बसत होती. आता उरलं होतं ते एकच, लेकीचं वाक्य.

"आमचा अभ्यास नेमका ह्याचाच आहे, मावशी," सिस्टर सांगत होती. "यंत्रावरच्या माणसाला किती झोपवायचं? काहींना आम्ही गाढ झोपेत ठेवतो, काहींना औषध हलकं करून जागं व्हायला वाव देतो. तुम्ही हलक्या झोपेच्या गटात होतात. वेदना कुणालाच होऊ द्यायच्या नाहीत, ते दोन्हीकडे सारखं. यंत्रावरून लवकर कोण उतरतं, हे आम्हाला इथे मोजता येतं. पण माणूस घरी जाताना बरोबर काय घेऊन जातो, ते विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून विचारते. काय आठवतं?"

"तिला काही आठवत नाही," लेक म्हणाली. "झोपलेली होती ना ती."

"त्यांना बोलू द्या."

टेपमावशीनं खाटेची कड घट्ट धरली. बोललं तर लेक जाणार. उठून, दार लावून, कायमची जाणार, आणि तिच्या जागी आपण असतो तरी गेलो असतो. नाही बोललं तर पुन्हा तोच डबा, तीच कडी. इस्त्रीवाल्याचा सुजलेला गाल तिला आठवला.

"हिनं," ती लेकीकडे न बघता म्हणाली. "हिनं माझे हात दाबून धरले होते. आणि त्या लोकांना म्हणाली, मी धरलंय, तुम्ही उरका."

शेजारचं यंत्र हवा ढकलत राहिलं.

सिस्टरनं स्टूल ओढून घेतलं. "गुंगीत असं पुष्कळांना दिसतं, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि बहुतेकदा जवळच्याच माणसाबद्दल दिसतं. एका काकांना वाटायचं, बायकोनं त्यांना विकून टाकलंय. त्यात तुमचा दोष नाही, औषधाचा आणि आजाराचा…"

लेकीनं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. गुंगीतलं स्वप्न, संपला विषय.

"ते स्वप्न नव्हतं," लेक म्हणाली.

आता टेपमावशीनं तिच्याकडे बघितलं.

"धरले होते मी. पहिल्यांदा औषध हलकं केलं त्या दिवशी. तू डोळे उघडलेस, मला वाटलं, चला, आई आली. आणि तू सरळ नळीलाच हात घातलास. त्या दिवशीच्या सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी होत्या. मी दोन्ही हात धरले आणि ओरडले. तू इतकी ताकद लावत होतीस, आई. तुला उठून बसता येत नव्हतं आणि माझे हात तू हलवत होतीस."

"मग झोपली होतीस, झोपली होतीस, काय लावलं होतंस मला?"

"मला वाटलं, आठवत नसेल तर बरंच आहे. कशाला सांगायचं? आणि सही माझी होती. हलक्या झोपेला मी हो म्हटलं होतं. तुला तसं तडफडताना बघितलं आणि मी डॉक्टरांच्या मागे लागले, झोपवा तिला, काढा ह्या अभ्यासातून. त्यांनी औषध वाढवलं, तू शांत झालीस. आणि मग मी…" लेक खिडकीकडे बघू लागली. "मी बाहेर गेले ते परत आत आलेच नाही दोन दिवस. आमच्या ह्यांना पाठवत होते. तू पुन्हा माझ्याकडे तशी बघितलीस तर, असं वाटायचं."

"दोन दिवस?" टेपमावशी म्हणाली. हे तिला माहीत नव्हतं. मनगटांपेक्षा हे जास्त लागलं. "म्हणजे मी इथे एकटी होते?"

"हो."

 सिस्टर कागदावरचं पेन उचलून बसली होती. मग तिनं विचारलं, "हात धरलेत तेव्हा तुम्ही मावशींना काय म्हणालात?"

"सांगितलं ना. मी धरलंय, उरका."

"ते आम्हाला. त्यांना काय म्हणालात?"

 "काही नाही," लेक म्हणाली. "तिला काहीच नाही म्हटलं."

"त्या दिवशी मी कामावर नव्हते," सिस्टर म्हणाली. "पण असते तरी मीही आधी नळीच बघितली असती."

टेपमावशी खाटेवर बसली. चादर ताणून घातलेली, खाली रबराचा कागद कुरकुरत होता. तिनं बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात पुढे केले. 

"धर," ती म्हणाली.

"आई, नको."

"धर म्हणते ना. तेव्हा धरलेस तसे."

लेक पुढे आली. तिनं मनगटं धरली. टेपमावशीचं काळीज इतकं जोरात उडालं की तिला वाटलं, शेजारच्या खाटेचं यंत्र वाजेल. तेच हात होते. निळी बाही नव्हती, पण बोटं तीच, अंगठ्याची पकड तीच. क्षणभर तळघर आलं. ती मागे रेलली, लेकीनं पकड सैल केली.

"सोडू नकोस. एवढ्याच जोरात धरले होतेस?"

"ह्याच्याहून जोरात."

"मग आता बोल. तेव्हा बोलली नाहीस ते."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात अडकलेले म्हणून तिला पुसता येत नव्हतं. "आई," ती म्हणाली. "तू दवाखान्यात आहेस. घशात नळी आहे, श्वासासाठी आहे. ओढू नकोस. मी आहे इथे."

"कोण मी?"

"मी गं. तुझी पोरगी."

"पुन्हा सांग."

लेकीनं पुन्हा सांगितलं. दवाखाना, नळी, श्वास. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज जरा सरळ झाला. टेपमावशी तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. नवं गिऱ्हाईक आपल्या पँटचं काय बिघडलंय ते सांगू लागलं की ऐकायची तशी, मधे न बोलता. भीती गेली नव्हती. घरी गेल्यावर आज कडी लावू की नको, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. दोन दिवसांचा हिशेबही अजून मागायचा होता, आणि तो ती मागणार होती.

सिस्टरचे प्रश्न अर्धे राहिले होते. ती पेन मिटून थांबली.

लेकीची पकड आता इतकी ढिली होती की हात सहज सोडवून घेता आले असते. टेपमावशीनं ते तसेच राहू दिले आणि म्हणाली, "अजून एकदा. जरा सावकाश."